कोलू पाटील कोहळी

कोलू पाटील कोहळी हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पूर्व विदर्भातील वसाहतकर्ते आणि तलावनिर्माते होते. सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात असलेला नवेगावबांध हा विस्तीर्ण तलाव त्यांनी बांधला असे परंपरा सांगते, आणि ब्रिटिशकालीन सरकारी नोंदींनीही ही परंपरा स्वीकारलेली आहे. तलावाच्या परिसरात त्यांना ‘कोलासूर’ या नावाने देवत्व प्राप्त झाले असून तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्यांचे ठाणे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात दाट अरण्यात शिरून, पाणी अडवून गावे वसविणाऱ्या कोहळी समाजाचे ते सर्वांत ख्यातनाम पुरुष मानले जातात.

नाव आणि समाज

‘कोलू’ हे व्यक्तिनाम, ‘पाटील’ हा गावप्रमुखाचा किताब आणि ‘कोहळी’ हे जातिनाम होय. कोहळी समाज आणि मासेमारी करणारा कोळी समाज यांत नामसादृश्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. प्रत्यक्षात हे दोन समाज भिन्न आहेत. कोहळी हा शेतकरी समाज असून त्याची वस्ती मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत आहे. धान आणि ऊस ही त्याची परंपरागत पिके. त्यातही उसाविषयी कोहळ्यांना विशेष ममत्व असे, आणि ऊस म्हटला की वर्षभराच्या पाण्याची सोय ओघानेच आली.

कोहळ्यांच्या मूलस्थानाविषयी एकवाक्यता नाही. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना बरोबर आणले, अशी समाजातील एक कथा आहे. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वसाहत लांजी येथे झाली असे सांगत. लांजी हे स्थान आज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. चांद्याचे जमाबंदी अधिकारी ल्यूसी स्मिथ यांनी मात्र ते दक्षिणेकडून आले असावेत अशी समजूत नोंदविली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या सर्व कथा दिल्या आहेत. तथापि कोहळ्यांची भाषा, चालीरीती आणि कुळनामे पाहता ते मराठी मुलखातीलच असावेत, याकडे त्या ग्रंथाचा कल आहे. १९११ च्या शिरगणतीत त्यांची संख्या सुमारे २६,००० होती. एवढ्या लहान समाजाने एवढ्या मोठ्या प्रदेशाचे रूप पालटावे, ही गोष्ट त्या ग्रंथकारांनाही लक्षणीय वाटली.

प्रदेश आणि काळ

वैनगंगेच्या पूर्वेकडील या भागास आजही ‘झाडीपट्टी’ म्हणतात आणि येथील बोलीस ‘झाडीबोली’. झाडी म्हणजे अरण्य. नावावरूनच पूर्वस्थितीची कल्पना यावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी हा टापू देवगड आणि चांदा या गोंड सत्तांच्या प्रभावक्षेत्रात मोडत होता. अरण्य उदंड, पाऊस भरपूर, पण कसणारे हात थोडे. म्हणून या राजांनी बाहेरून शेतकरी आणून वसविण्याचे धोरण ठेवले. देवगडच्या बख्त बुलंदाने निरनिराळ्या जातिधर्मांच्या कष्टकऱ्यांना आपल्या राज्यात आश्रय दिला. चांद्याच्या राज्यात, जो रान तोडून गाव बसवील त्याला त्या गावाचा हक्क आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन सवलतीने, अशी रीत होती. तलाव बांधणाऱ्यास मिळणाऱ्या अशा जमिनीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका भागाचे आणि त्या बाजूच्या काही गावांचे नाव आजही ‘तुकूम’ असे आहे, ते या पद्धतीचे स्मारकच म्हणावे लागेल.

कोलू पाटलांचे कार्य या धोरणाच्या चौकटीत पाहावे लागते. पुढे नागपूरकर भोसल्यांनी १७४० च्या दशकात देवगड आणि १७५१ मध्ये चांदा आपल्या अमलाखाली आणले. तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा मानला, तर त्याची उभारणी गोंड सत्तेच्या उतरत्या काळात झाली असे ठरते.

चरित्रसाधनांचा प्रश्न

कोलू पाटलांचे जन्मगाव, जन्मवर्ष, कुटुंब वा मृत्यू यांविषयी विश्वसनीय लिखित साधन उपलब्ध नाही. १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये जे आले ते गावात ऐकलेल्या परंपरेवर आधारलेले आहे, आणि नंतरच्या बहुतेक लेखकांनी तेच पुन्हा सांगितले आहे. चरित्रलेखनाच्या दृष्टीने ही सामग्री फारच तोकडी आहे. ज्याची भिंत अद्याप पाणी धरून आहे, त्याच्याविषयी कागदावर चार ओळींपलीकडे काही नसावे, हे झाडीपट्टीच्या एकूण इतिहासलेखनाला धरूनच झाले.

याच शतकात अमेरिकेत डॅनियल बून (१७३४–१८२०) या शिकाऱ्याने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून केंटकीच्या रानात जाणारी वाट पाडली आणि तिच्यामागून हजारो वसाहतकरी त्या प्रदेशात उतरले. बूनची कहाणी जॉन फिल्सन या लेखकाने १७८४ मध्येच, म्हणजे बून हयात असताना, छापून प्रसिद्ध केली. त्यामुळे तो जगभर ठाऊक झाला. कोलू पाटलांना असा लेखक लाभला नाही. दोघांत आणखीही एक अंतर आहे. बूनच्या वाटेने गेलेल्यांना तेथील शॉनी व इतर मूलनिवासी लोकांशी लढून भूमी मिळवावी लागली, तर कोहळ्यांना रानात बोलावणारे राजे स्वतःच गोंड होते. म्हणून येथे सर्व काही सलोख्याने झाले असे मात्र समजू नये. जेथे बांध्या पडल्या तेथे पूर्वी कोणाची तरी मोहफुलाची झाडे आणि फिरत्या शेतीचे तुकडे असतीलच. त्यांची बाजू ना गॅझेटियरमध्ये आली, ना दंतकथेत. पाळीवर माती वाहणाऱ्या मजुरांचेही तसेच.

नवेगावचा तलाव

‘नवेगावबांध’ या नावातच नवी वसाहत आणि तिचा बांध असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. त्याच तालुक्यातील सिरेगावबांध आणि भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील शिवनीबांध ही नावे याच धाटणीची. कोहळ्यांच्या कीर्तीचे आधार म्हणून हे तीन तलाव एकत्र सांगितले जातात. त्यांत नवेगावचा सर्वांत मोठा.

तलावाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेच्या निवडीत आहे. टेकड्यांनी जवळजवळ वेढलेली एक खोलगट द्रोणी पाहून, टेकड्यांमधल्या मोकळ्या खिंडी तेवढ्या मातीच्या आखूड पाळींनी बंद करण्यात आल्या. बाकीचे काम डोंगरांनीच केले. थोडक्या बांधकामात एवढा प्रचंड जलसाठा उभा राहिला याचे मर्म हेच. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींनुसार तलावाचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल (सुमारे १३ चौ. कि.मी.) आणि परीघ सुमारे १७ मैल (सुमारे २७ कि.मी.) होता, अलीकडील लिखाणात क्षेत्र सुमारे ११ चौ. कि.मी. दिले जाते. सपाटीमापक यंत्रे, नकाशे यांपैकी काहीही हाती नसताना ही जागा कशी हेरली असेल, असा प्रश्न इंग्रज अधिकाऱ्यांनाही पडला. जमिनीचा डोळ्यांना न जाणवणारा उतार ओळखण्याची उपजत शक्ती कोहळ्यांच्या अंगी असते, असे उत्तर त्यांनी दिले. ते अर्धेच खरे मानावे. ‘उपजत’ या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण झाकले जाते. पावसाळ्यात पाणी कोठून वाहते, कोठे थबकते, कोणत्या नाल्याला कधी पूर येतो हे चार-पाच पावसाळे पाहिल्याखेरीज अशी पाळ घालता येत नाही. आणि चुकलेल्या पाळी पहिल्याच पुरात वाहून जात असल्याने आज ज्या दिसतात त्या बरोबर ठरलेल्याच.

दंतकथा आणि कोलासूर

तलावाभोवतीच्या सात शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध पुरा करण्याच्या कामी या सात बहिणींनी कोलू पाटलांना साहाय्य केले अशी लोकश्रद्धा आहे. तलावाच्या खोलीचा ठाव कोणालाही लागत नाही, असेही सांगितले जाते. सात बहिणी किंवा साती आसरा या जलदेवता महाराष्ट्रात सर्वत्र पाण्याच्या काठी आढळतात, त्यामुळे कथेचा साचा नवीन नाही. परंतु नवेगावी त्या पाण्यातून निघून डोंगर झाल्या, आणि पाणी अडविण्याचे खरे श्रेय डोंगरांचे आहे हे स्थापत्यातील सत्य लोककथेने आपल्या भाषेत नेमके सांगून ठेवले.

कोलू पाटलांचे ‘कोलासूर’ कसे झाले हे सांगता येत नाही. नावातील ‘असुर’ हे पद येथे निंदाव्यंजक नाही. म्हसोबास महिषासुर म्हणून पुजणाऱ्या लोकपरंपरेत ते अलौकिक सामर्थ्याचे द्योतक असते. तलाव बांधणाऱ्याला देव मानण्यामागे एक व्यावहारिक अंगही संभवते. ज्या पाळीवर देवाची नजर आहे, तिची माती कोणी सहसा उकरून नेत नाही.

कोहळ्यांची जलव्यवस्था

नवेगावचा तलाव ही एकाकी रचना नव्हे. कोहळी गावांत मोठा तलाव, त्याखाली लहान तलाव आणि त्याखाली ‘बोडी’ अशी उतरंड असे. बोडी म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीचे, चार बांध्यांपुरते पाणी धरणारे तळे. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून, ज्यास येथे ‘सलंग’ म्हणतात, निघालेले पाणी खालच्या तलावात जाई. पावसाचा थेंब डोंगरावरून नदीपर्यंत पोहोचेतो अनेक ठिकाणी अडत असे. वरच्या अंगाला जंगल राखले जाई, कारण जंगल तुटले की तलावात गाळ येतो, हे गावाला ठाऊक होते.

पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याच्या वाटेस ‘तुडूम’ असे नाव आहे. जुन्या तुडुमांत निरनिराळ्या उंचीवर भोके ठेवून ती बुचांनी बंद करीत. पाण्याची पातळी जसजशी उतरे तसतसे खालचे भोक उघडीत. यामुळे पाणी मोजून-मापून निघे. वाटपासाठी गावाने नेमलेला माणूस असे आणि त्याचा मोबदला धान्यात मिळे.

या व्यवस्थेची गरज धानाच्या स्वभावातून निर्माण झाली. गोंदिया परिसरात सरासरी १,२०० ते १,३०० मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे वरकरणी पाण्याची चणचण दिसत नाही. पण हा पाऊस मोजक्या महिन्यांत पडून जातो. आषाढात रोवणीच्या वेळी ओढ दिली तर पऱ्हे पिवळे पडतात, आणि हस्त-चित्रा नक्षत्रांत, ऐन दाणा भरताना पाऊस फिरकला नाही तर भारी धान वांझ राहते. हलके धान त्याआधी निघून जाते; परंतु शेतकऱ्याचे वर्ष भारी धानावर चालते. एका पाण्यासाठी हातचे पीक जाते, ते एक पाणी म्हणजे तलाव. धान निघाल्यावर उरलेले पाणी उसाला, मासे ढिवरांना, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावरची ओल गाळपेराला आणि काढलेला गाळ पुन्हा शेताला, अशी वाटणी असे. या वाटणीत सर्वांचा हिस्सा समान नव्हता. तलावाचा धनी पाटील, आणि खालच्या कुळाला त्याचे ऐकावे लागे. मात्र पाळ फुटली तर पाटलाचेही शेत बुडत असल्याने दुरुस्ती चुकत नसे.

मालगुजारी ते सरकारी

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८६० च्या दशकातील जमाबंदीने गावप्रमुखांना ‘मालगुजार’ म्हणून गावाचे मालकी हक्क दिले. तलावही त्यांच्या मालकीचे झाले, आणि तेव्हापासून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. वास्तविक यांपैकी पुष्कळ तलाव मालगुजारीच्या कितीतरी आधीचे आहेत. नवेगावचा तर दीडशे वर्षे आधीचा. ‘मालगुजारी’ हे नाव बांधणाऱ्याचे नव्हे, तर नोंद करतेवेळी जो धनी होता त्याचे आहे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश शासनाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, हे हक्क संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे आले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मालगुजारी गेली ही सामाजिक न्यायाची गोष्ट होती, यात शंका नाही. पण मालगुजाराबरोबर दरसाल पाळ पाहणारा माणूसही गेला. गावकऱ्यांचा मोफत पाण्याचा हक्क निस्तारपत्रकात कायम राहिला, त्यामुळे पाणीपट्टी येईना. आणि उत्पन्न नसलेल्या तलावावर खर्च कोणी करावा हा प्रश्न एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि १०० हेक्टरांहून अधिक सिंचनक्षमतेचे राज्याच्या सिंचन यंत्रणेकडे आहेत. सरकारी भाषेत त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. गाळ, फुटलेली तुडुमे, काठावर झालेली अतिक्रमणे आणि बेशरमीची माजलेली झुडपे ही त्यांतील अनेकांची अवस्था आहे. मोठ्या धरणांचा काळ सुरू झाल्यावर त्यांच्याकडे लक्षही कमी झाले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गाढवी नदीवर इटियाडोह हे धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले.

वारसा

नवेगावचा तलाव त्याच्या भोवतीच्या अरण्यामुळे आणि पक्ष्यांमुळे महाराष्ट्रभर परिचित झाला. १९७५ मध्ये सुमारे १३३ चौ. कि.मी. क्षेत्रावर नवेगाव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदके उतरतात; येथील पक्षी अभयारण्यास डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी येथे सेवा करीत असताना तलाव, त्यावरचे पाखरू आणि काठावरची माणसे यांचे जे निरीक्षण केले, त्यातून त्यांचे बरेचसे लेखन आकारास आले. या लेखनात नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे रानाचे जाणते म्हणून वारंवार भेटतात. कोलू पाटलांचे नाव विदर्भाबाहेरील वाचकांच्या कानी पडले ते मुख्यतः या साहित्यामुळे. राष्ट्रीय उद्यानातील ‘नैसर्गिक’ जलाशय म्हणून पर्यटक ज्याकडे पाहतात तो मानवनिर्मित आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रात सारस क्रौंच मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात आणि त्यालगतच्या धानपट्ट्यात उरले आहेत. त्यांचे खाणे आणि घरटी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांत असतात, म्हणजेच कोहळ्यांनी घडविलेल्या भूमीत.

तलावांच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न गेल्या काही दशकांत सुरू झाले आहेत. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना बरोबर घेऊन तलावांतील बेशरम काढणे, देशी पाणवनस्पती लावणे आणि देशी माशांच्या जाती परत आणणे अशी कामे केली. नुसता गाळ काढून तलाव जिवंत होत नाही, त्यातील वनस्पतींची आणि माशांची साखळीही जुळावी लागते, हा या कामातील अनुभव उपयुक्त ठरला. २०१७ पासून राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ काढून शेतात टाकण्यास साहाय्य मिळू लागले. पूर्वी कोहळी गावांत हे काम दर उन्हाळ्यात बैलगाड्यांनी होत असे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला, तेव्हा नवेगावबांध नव्या जिल्ह्यात आला आणि शिवनीबांध जुन्या जिल्ह्यात राहिला. ‘तलावांचा जिल्हा’ हे बिरुद आता दोन्ही जिल्हे लावतात.